बाबांच्या कानाला चालेल असा मदरबोर्ड

बाबा कानातलं यंत्र काढून ठेवतात ते माझ्या कॉम्प्युटरमुळे, हे कळायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला.

बाबा शहराबाहेरच्या एका वीज केंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होते. नोकरीभर पाळ्या केल्या. तिथे कानात घालायला रबरी प्लग मिळायचे, पण बाबा ते खिशात ठेवायचे. मशीनचा सूर बिघडला तर तो आधी आपल्या कानाला कळला पाहिजे, पॅनेलवरच्या काट्याला मागाहून, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर कॉलनीतलं क्वार्टर सोडून ते आणि आई माझ्याकडे नागपुरात, झिंगाबाई टाकळीला राहायला आले, तोवर त्यांचे दोन्ही कान बरेचसे गेले होते. आई त्यांच्याशी ओरडूनच बोलायची. आमच्या घरात आज वांगं आहे की भेंडी, हे समोरच्या बिल्डिंगला ठाऊक असे.

शेवटी कानाची यंत्रं घेतली. अगदी साधी, पण आमच्या खिशाला तीही जडच. पहिल्या दिवशी बाबा खूश होते. गॅलरीत उभे राहून भाजीवाल्याची हाळी ऐकली, कुकरची शिट्टी ऐकून दचकले, हसले. आणि आठ-पंधरा दिवसांत यंत्रं डबीत जाऊन बसली. बाहेर जाताना घालायचे. घरात शिरले की काढायचे. आई चिडायची. "एवढे पैसे टाकले अन् हे डबीत ठेवून राहिले! मी काय भिताडाशी बोलू?" मलाही वाटायचं, हट्टी झालेत. म्हातारपणी माणूस होतो तसे.

कान तपासणाऱ्या बाईंकडे पुन्हा जायची वेळ आली तेव्हा मी ही तक्रार केली. त्यांनी माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "काका, घरात आवाज कशाचा येतो?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. बाईंनी पुन्हा विचारलं.

"हिचा तो डबा आहे न," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "कम्प्युटर. दिवसभर कानात भुंगा सोडल्यावानी वाटते. डोकं उठते."

"मग सांगतलं काहून नाही, बाबा?"

"काय सांगू? तुयं काम आहे ते. बंद कर म्हणू का?"

त्या बाईंनी मला समजावलं. असं यंत्र आवाज निवडून घेत नाही, जे समोर येईल ते मोठं करून कानात टाकतं. महागड्या यंत्रांना असला एकसुरी गोंगाट बराच बाजूला सारता येतो, साध्यांना तेवढं जमत नाही. त्यामुळे आपल्याला ज्या घरघरीची सवय होऊन जाते, तीच यंत्र घातलेल्या माणसाला नकोशी होते. आणि त्या घरघरीखाली बोलणारा माणूस बुडून जातो.

मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. महाल भागातल्या छापखान्याचं आणि दोन-तीन प्रकाशकांचं काम असतं. हॉलच्या खिडकीशी माझं टेबल, त्याच्या शेजारी बाबांचा दिवाण. दुसरी जागाच नाही. आतल्या खोलीत टेबल नेलं तर पलंग काढावा लागेल. त्या दिवशी घरी आल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला आणि पहिल्यांदा नुसती बसून ऐकत राहिले. घरघर होती, तिच्यात अधूनमधून खरखर होती, आणि खाली एक जाडसर घूं. मी इतकी वर्षं यात बसून शुद्धलेखन तपासत होते.

नवा तयार कॉम्प्युटर घ्यावा, तर जे परवडत होते ते आवाजाच्या बाबतीत जुन्याचेच भाऊ होते. लॅपटॉपवर पानं लावायला मला जमत नाही. तेव्हा ठरवलं की सुटे भाग घेऊन घरीच जोडायचा. तसा मी पूर्वी एकदा बहिणीचा जोडला होता, धाडस नवीन नव्हतं. बाकीचे भाग चटकन ठरले. प्रोसेसर असा, ज्याच्यातच चित्र दाखवायची सोय आहे, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा पंखा नको. फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, तिला आवाजच नसतो. अडलं ते मदरबोर्डपाशी.

बाबांनी विचारलं, "काय शोधून राहिली एवढं?"

मी यंत्र घालायची खूण केली, कॉम्प्युटर बंद केला आणि मोबाइलवर चित्र दाखवलं. "हा मदरबोर्ड. डब्यातली मोठी पाटी. बाकी सगळं याच्यावर बसते. कोणाले किती वीज द्यायची, कोणता पंखा किती फिरवायचा, हे हाच ठरवते."

"म्हणजे कंट्रोल रूम म्हण न."

"तसंच."

बाबा सावरून बसले. "मग पंखे काढूनच टाक ना. पंखाच नाही त आवाज कशाचा?"

"गरम होईन, बाबा."

"हो," ते म्हणाले, आणि स्वतःशीच मान हलवली. "मे महिन्यात त घरातच भट्टी असते."

तेव्हापासून बाबा या कामात माझ्याबरोबर आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आता रोज सकाळी चहाबरोबर मीच विचारत होते. आमचं एकमत मात्र क्वचित व्हायचं. मला छोटा, स्वस्त बोर्ड पुरेसा वाटत होता. त्यांना भारी पाहिजे होता. "पत्रा जाड पायजे," असं ते सांगायचे. मी म्हणायची, बाबा, हा टर्बाइन नाही. ते म्हणायचे, वीज तीच आहे.

एका दुपारी आम्ही दोघं बर्डीच्या बाजारात गेलो. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. काउंटरवर एक पन्नाशीचा गृहस्थ होता, सिंधी वळणाचं हिंदी-मराठी बोलणारा. मी सांगितलं, आवाज न करणारा कॉम्प्युटर बनवायचा आहे, बोर्ड दाखवा.

"मॅडम, बोर्ड को आवाज कुठे असतो? आवाज पंख्याला असतो," असं म्हणत त्याने तरी तीन खोकी काढली.

पहिला बोर्ड बघताच बाबांचे डोळे चमकले. काळाकुळकुळीत, वर धातूच्या जाड पट्ट्या, किल्ल्याच्या बुरुजासारखा. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. "हाच घे."

मला त्या धातूच्या झाकणाखाली जाळी दिसली. जाळीत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा पंखा होता. "बाबा, इथं बारका पंखा आहे. बोर्डालाच. बारका पंखा जोरात फिरते."

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पंखा पाहिला, आणि बोर्ड परत खोक्यात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला तो मला दिसला. खेळण्याच्या दुकानातून मुलाला ओढून आणावं तसं मलाच वाटलं.

दुसरा बोर्ड मी मनात धरून आले होते तोच, सगळ्यात स्वस्त. दुकानदाराने स्वतःच नाक मुरडलं. त्यावर डब्याच्या पंख्यासाठी एकच जागा होती, आणि तीही अशी की पंखा लावला की तो पूर्ण वेगानेच फिरणार. कमी-जास्त करायची सोय नाही. शिवाय प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग उघडेच होते, त्यांच्यावर थंड करणारी पट्टी नव्हती. "पंखा अहिस्ता करोगे तो ये तपेगा," दुकानदार म्हणाला. "नागपूरच्या गर्मीत चालून जाईन, पण मी गॅरंटी नाही देणार."

माझं पैशाचं गणित तिथेच बसलं होतं, त्यामुळे मी जरा घुटमळले. बाबांना दुकानातल्या गलक्यात आमचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणते तो?"

मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं.

"मग तो काहून पाहून राहिली? तिसरा पाह्य."

तिसरा दिसायला साधा होता. दिवे नाहीत, बुरुज नाहीत. वीजभागांवर मात्र बोटभर जाडीच्या राखाडी पट्ट्या होत्या, आणि पंख्यांच्या तिन्ही जागांना चार-चार पिना. चौथी पिन असली की बोर्ड पंख्याला सांगू शकतो, आता हळू, आता जरा जोरात. बोर्डावर स्वतःचा पंखा कुठेच नव्हता. स्वस्तापेक्षा महाग, बुरुजवाल्यापेक्षा बराच कमी. बाबांनी राखाडी पट्टीवरून अंगठा फिरवला. "जाड आहे," ते म्हणाले. मी हसले आणि दुकानदाराला बिल करायला सांगितलं.

त्याने नवं एसएमपीएस पण घ्या म्हटलं. एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या भागांना वाटणारी पेटी, डब्याच्या मागच्या कोपऱ्यात असते. बाबांनी हात आडवा केला. "जुनं चांगलं आहे. चालती मशीन फेकत नसतात." पैसे वाचत होते, मीही मान डोलावली.

रविवारी सकाळी हॉलमध्ये चटई अंथरली. आई एका बाजूला बसून तिच्या माहेरच्या, भिवापूरच्या मिरच्यांची देठं खुडत होती, ठसका लागून आम्ही दोघं मधूनमधून शिंकत होतो. मी बोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये बसवला, बाबा एकेक स्क्रू हातात देत होते. दोन नवे मोठे पंखे लावले, एक प्रोसेसरवर, एक डब्याला. मोठा पंखा सावकाश फिरला तरी हवा पुरेशी ओढतो. बाबांनी प्रत्येक वायर एकमेकीला बांधून अशी नीट नेली की झाकण लावायला मन होईना.

"घाला यंत्र," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

घूंऽऽ.

तोच आवाज. खरखर नव्हती, बारीक घरघर नव्हती, पण ती जाड घूं होती तशीच होती. बाबा क्षणभर आशेने माझ्याकडे बघत राहिले, आवाज आता खाली जाईल म्हणून. गेला नाही. त्यांनी एक यंत्र काढलं, मग दुसरं. डबीचं झाकण लावताना टक् झालं. "चांगला झाला," ते म्हणाले. "पहिल्यापेक्षा चांगला आहे." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आई माझ्यावरच ओरडली. "आता कायले शिकवून राहिली त्याइले ऐकायले? राहू दे!" मला रडू येत होतं. मी जेवले नाही. एवढं वाचलं, एवढं विचारलं, बोर्ड चुकला की काय हा विचार मनाला खात होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला. रात्री विचार केला असावा. "तो बोर्ड पंखे किती फिरवून राहिला, दिसते का कुठं?"

दिसत होतं. चालू करताना एक कळ दाबली की बोर्ड स्वतःचा पडदा दाखवतो, त्यावर दोन्ही पंख्यांचा वेग लिहिलेला असतो. दोन्ही अगदी हळू फिरत होते. डब्याचं झाकण काढून बोट जवळ नेलं तरी झुळूक कशीबशी लागत होती.

"म्हणजे हे दोघं नाहीत," बाबा म्हणाले. "तिसरा कोणी आहे. याच्या ताब्यात नसलेला."

त्यांनी माझा लांब पेचकस घेतला. त्याचं टोक डब्याच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. बेअरिंगचा आवाज असा सळी लावून घ्यायची कामावरची सवय. लहानपणी त्यांनी कूलरच्या मोटारीला असंच करताना मी पाहिलं होतं. मी शेजारी गुडघे टेकून बसले. ते डोळे मिटून पेचकस थोडा थोडा सरकवत गेले. मागच्या कोपऱ्यात, एसएमपीएसच्या पेटीवर, थांबले. बराच वेळ काढेनात.

"बेअरिंग गेलं याचं," ते म्हणाले. मग पेचकस मांडीवर ठेवून, माझ्याकडे न बघता, "मीच म्हणलो होतो, जुनं चांगलं आहे."

"मीही हो म्हटलं न, बाबा."

"तू माझ्यासाठी म्हटलं."

तिसऱ्या प्रहरी मी एकटीच बर्डीला जाऊन नवं एसएमपीएस आणलं, कमी भार असताना ज्याचा पंखा थांबूनच राहतो तसलं. दुकानदाराने 'बोललो होतो' म्हटलं नाही, हे मी त्याच्या भल्या स्वभावात धरते. संध्याकाळी आईने दिवाबत्ती करायच्या आत ते बसवलं. बटण दाबलं. बोर्डावरचा एक छोटा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, म्हणून चालू झाला हे कळलं. बाबांनी यंत्रं घातली. हात वर करून आम्हाला गप्प बसायला सांगितलं. बसून राहिले.

"चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे."

त्यांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला, थरथर लागते का बघायला. मग तळवा तसाच ठेवून हसले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून तिच्या नेहमीच्या पट्टीत ओरडली, "चहा घेता काऽऽय?"

बाबा खांदे वर करून दचकले. "काहून ओरडून राहिली वं? इथंच त आहो मी."

आई दारात आली. हातात सांडशी. तिला वाटलं, चेष्टा चालली आहे. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ती काहीच बोलली नाही आणि आत गेली. चहा आणून ठेवला तोही न बोलता. मला कळेना, हिला राग आला की काय. मग लक्षात आलं, तिला कोणत्या आवाजात बोलायचं तेच सुचत नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस हे चाललं. ती हळू सुरू करायची आणि वाक्याच्या मध्यावर आवाज आपोआप चढायचा. स्वतःच्याच लक्षात आलं की तोंडावर पदर धरायची. एकदा ती मिरच्यांचं तिखट डब्यात भरताना, खाली बघत, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "यंदा रंग चांगला आला."

"आलाच," बाबा दिवाणावरून म्हणाले.

आई थांबली. "ऐकू आलं तुम्हाले?"

"आलं न. पहिले अशीच बोलत होती तू."

"पहिले म्हणजे कवा?"

"भिवापुरावरून आणली तवा."

आईने चमचा जोरात डब्यात आपटला, तिखट उडालं आणि आम्ही तिघंही खोकत सुटलो.

एक गोष्ट मी त्या दोघांना बरेच दिवस सांगितली नाही. या बोर्डातून एक आवाज येतो. मोठं पान उघडलं, चित्रं सरकवली की एक अगदी पातळ, किरट्या सुराची शीळ निघते. आतल्या वीजभागांची असते म्हणे, काही बोर्डांत येते, काहींत नाही. नशिबाचा भाग. त्या उंच सुराचं ऐकणं बाबांचं केव्हाच गेलंय, आणि त्यांच्या यंत्रातूनही तो सूर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आईला चूल आणि नळ यांच्यापुढे ऐकू येत नाही. घरात तो मला एकटीलाच ऐकू येतो. दुकानदार बदलून द्यायला तयार होता. पण बदललेला कसा निघेल कोण जाणे, आणि हा बोर्ड बाबांच्या कानाला चालला होता. मी बदलला नाही. कामात असले की तो सूर विसरूनही जाते.

पुढे बाबांना तो सूर मी सांगितला तेव्हा ते चिंतेत पडले. "तुले त्रास होते का? खरं सांग."

"नाही होत."

"मी आठ तास पाळीत असंच म्हणत होतो," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला दर तासाला टेबलावरून उठवायचा नेम धरला. पाणी पी, गॅलरीत ये, कान मोकळे कर. मी उठते.

उन्हाळ्यात कूलर लागला तेव्हा सगळा हिशोब काही महिन्यांसाठी उलटला. कूलरपुढे कोण काय ऐकणार? बाबांनी दुपारी यंत्रं डबीत ठेवायला सुरुवात केली, आईचा आवाज पुन्हा चढला, आणि बोर्डाने उकाड्यात पंखे जोरात फिरवले तरी कोणाला पत्ता लागला नाही. मे महिना त्याने सोसला. बाबा मधूनच पडद्यावरचं तापमान विचारायचे आणि आकडा ऐकून "ठीक आहे" म्हणायचे.

पण सकाळी कूलर लावायच्या आधीचा वेळ आमचा होता. मुद्रितं तपासायला दोन माणसं लागतात, एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने छापलेलं पान बघायचं. पूर्वी मी एकटीच डोळे ताणून करायची. एकदा बाबांनी आपण होऊन मूळ प्रत हातात घेतली. त्यांना वाचून दाखवायचं नव्हतं, ऐकायचं होतं. तेव्हा पानावरचं मी वाचायची आणि ते बोट ठेवून मूळ ओळींबरोबर पुढे सरकायचे. शेतकी विषयावरचं एक पुस्तक होतं, ठिबक सिंचनाचं प्रकरण. मी भरभर वाचत होते.

"थांब," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"इथं 'नाही' आहे. तू वाचलं नाही."

मी पडद्यावर पाहिलं. खरंच, 'नाही' जुळवायचं राहून गेलं होतं, आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला होता. मी ते घातलं. बाबांचं बोट त्याच ओळीवर थांबून होतं.

"घातलं का?"

"घातलं."

"वाच पुढं," ते म्हणाले. "जरा हळू."